मुरलेली विंटेज पोर्ट आणि नाताळचे कौटुंबिक जेवण

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील आपली ख्रिस्ती कुटुंबे निरनिराळ्या गावांहून येथे आली. कोणी वसईहून, कोणी गोव्याहून, कोणी अहिल्यानगर जिल्ह्यातून, तर कोणी मंगळूर वा केरळमधून. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे औद्योगिक वसाहती वाढल्या आणि या शतकात चाकणला मोटारींचे मोठमोठे कारखाने आले. नोकरीच्या निमित्ताने घरातील मुले युरोपला प्रशिक्षणाला जाऊ लागली, काही आखातात वा जहाजावर गेली. येताना ती भेटवस्तू आणतात. अशाच एखाद्या भेटीतून दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात एक काळसर, जाड काचेची बाटली येऊन बसते. तिच्यावर ‘पोर्ट’ असे लिहिलेले असते आणि एखादे साल असते. ‘मोठ्या प्रसंगाला उघडू’ असे म्हणून ती वर्षानुवर्षे तशीच उभी राहते.

ती उघडावी केव्हा, कशी, आणि राखून ठेवल्याने ती खरोखरच चांगली होते काय, याविषयी आपल्या लोकांत बरेच गैरसमज आहेत. नाताळ, लग्नाचा रौप्यमहोत्सव, मुलाची गुरुदीक्षा अशा प्रसंगी ही बाटली टेबलावर येणार असेल, तर तिच्याविषयी थोडी माहिती असलेली बरी.

प्रथम नावाविषयी. पोर्तुगालच्या उत्तरेस डोरू नावाची नदी आहे. तिच्या काठच्या उतारांवर पिकलेल्या द्राक्षांची आणि पोर्टो शहराच्या बंदरातून जगभर गेलेली वाइन ती पोर्ट. आपल्याकडे मात्र ‘पोर्ट’ म्हटले की गोव्याहून आणलेली गोड, तांबडी, स्वस्त वाइन डोळ्यांसमोर येते. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती, त्यामुळे हे नाव तेथील घराघरांत रुजले. गोव्यातील ही पोर्ट बहुधा बंगळूर ब्लू जातीच्या द्राक्षांची असते आणि द्राक्षेही शेजारच्या राज्यांतून येतात. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. नेवऱ्या आणि कलकलांबरोबर तिने अनेक घरांत नाताळ साजरा केला आहे. परंतु ती ताजी असतानाच प्यायची असते. दहा वर्षे ठेवल्याने तिच्यात काही भर पडत नाही.

पोर्ट तयार कशी होते, हे पिंपरीच्या वाचकाला समजावून सांगणे सोपे आहे. पेनिसिलिनच्या कारखान्यामुळे येथील पुष्कळ घरांना किण्वन म्हणजे काय हे ठाऊक आहे: सूक्ष्म जीव साखरेवर जगतात आणि त्यातून दुसराच पदार्थ तयार करतात. द्राक्षाच्या रसात यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल निर्माण करते. साध्या वाइनमध्ये ही क्रिया शेवटपर्यंत चालू देतात. पोर्टमध्ये ती मध्येच थांबवतात. दोन-तीन दिवसांनी, जवळजवळ निम्मी साखर शिल्लक असताना, साधारण चार भाग रसात एक भाग द्राक्षांचीच कडक दारू मिसळली जाते. तिच्यात ७७ टक्के अल्कोहोल असते. यीस्ट मरते, साखर तशीच राहते आणि १९ ते २२ टक्के अल्कोहोल असलेली गोड, भक्कम वाइन तयार होते. उत्तम पोर्टसाठी आजही काही ठिकाणी दगडी हौदांत माणसे पायांनी द्राक्षे तुडवतात.

ही युक्ती कोणाची, याची एक कथा सांगतात. १६७८ साली दोन इंग्रज तरुण वाइनच्या शोधात डोरूच्या खोऱ्यात गेले असता लामेगो येथील एका मठाधिपतींनी त्यांना अशी दारू मिसळलेली गोड वाइन चाखवली म्हणे. कथा खरी असो वा नसो, १७०३ च्या मेथ्युएन करारानंतर इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाइनवरील जकात कमी झाली आणि पोर्टचा व्यापार फोफावला, हा इतिहास आहे. व्यापार वाढला तशी भेसळही वाढली. तेव्हा पोर्तुगालचे प्रधान मार्क्विस द पोम्बाल यांनी १७५६ साली खरी पोर्ट कोणत्या जमिनीतून यावी याच्या सीमा आखून दिल्या. याच पोम्बालांनी तीनच वर्षांनी, १७५९ मध्ये, येशूसंघीयांना पोर्तुगाल आणि गोव्यासह सर्व वसाहतींतून हाकलून लावले. पुण्यातील आपल्या येशूसंघीय फादरांनी पोर्टचा पेला उचलताना पोम्बालांना किती श्रेय द्यावे, हे त्यांनीच ठरवावे!

आता मुख्य मुद्दा. आपल्या भाषेत ‘मुरणे’ असा एक सुंदर शब्द आहे. लोणचे मुरते, भाजी मुरत नाही, ती शिळी होते. पोर्टचेही तसेच आहे. बाटलीत वर्षानुवर्षे मुरते ती प्रामुख्याने एकच: जिच्यावर ‘विंटेज पोर्ट’ हे शब्द आणि द्राक्षांच्या तोडणीचे साल असते ती. एकाच उत्कृष्ट सालच्या द्राक्षांची ही वाइन पिंपात फक्त दोनेक वर्षे राहते. दुसऱ्या ते तिसऱ्या वर्षाच्या दरम्यान ती न गाळता बाटलीत भरतात आणि तिचे उरलेले सर्व आयुष्य बाटलीतच जाते. तरुणपणी ती गडद जांभळी, तिखट आणि तोंड आवळून धरणारी असते. वीस वर्षांनंतर तिचा राकटपणा ओसरू लागतो, रंग विटकरीकडे झुकतो आणि सुकलेली अंजिरे, मनुका, अक्रोड, तंबाखूचे पान, जुने लाकूड असे गंध एकामागून एक उमटू लागतात. बाटलीच्या आत कडेला गाळाचा थर धरतो. तो दोष नव्हे.

दरवर्षी अशी वाइन होत नाही. द्राक्षे उत्कृष्ट असतील तरच कंपनी ते साल जाहीर करते आणि डोरू व पोर्टो वाइन संस्थेकडे नमुना पाठवून मान्यता घेते. साधारणतः दहा वर्षांत तीन वेळा हा योग येतो. १९६३, १९७०, १९७७, १९८५, १९९४, २०००, २००३, २००७ आणि २०११ ही बहुतेक कंपन्यांनी जाहीर केलेली साले होत. पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन साले जाहीर झाली, हे क्वचितच घडते. १९८५ व त्यापूर्वीच्या बाटल्या आता पूर्ण मुरलेल्या आहेत. १९९४ ची आज ऐन बहरात असावी. २०११ ची बाटली कोणाकडे असेल तर तिला अजून घाई नको.

इतर प्रकारांना हा नियम लागू नाही. ‘रूबी’ ही साधी, फळांच्या चवीची पोर्ट घेतली की प्यावी. ‘लेट बॉटल्ड विंटेज’ या नावात विंटेज शब्द असतो आणि सालही असते, म्हणून लोक फसतात. ती चार ते सहा वर्षे पिंपात राहिलेली असते आणि बहुधा बाजारात येते तेव्हाच पिण्याजोगी असते. १०, २०, ३० किंवा ४० वर्षे असा आकडा असलेली ‘टॉनी’ लाकडी पिंपात म्हातारी होऊन आलेली असते. बाटलीत तिचे वय पुढे सरकत नाही. ‘कोल्हेइता’ हीदेखील टॉनीच, फक्त एका सालची. तिच्यावर तोडणीचे आणि बाटलीत भरल्याचे अशी दोन साले आढळतात. तेव्हा कपाटातील बाटली यांपैकी एखादी असेल, तर आणखी वाट पाहण्यात काहीही लाभ नाही. येत्या नाताळला ती खुशाल उघडावी.

इंग्लंडमध्ये एक जुनी चाल होती. मुलाच्या स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपिता त्याच्या जन्मसालची पोर्ट विकत घेऊन तळघरात ठेवीत असे. श्रीमंत घरांत अख्खे पिंप, म्हणजे सुमारे ५५० लिटर वाइन! मूल एकवीस वर्षांचे होई तेव्हा वाइनही वयात आलेली असे. धर्मपित्याने देवपुत्रासाठी काहीतरी सांभाळून ठेवावे, ही कल्पना मनाला भावणारी आहे. परंतु तिचे जसेच्या तसे अनुकरण आपल्याकडे करू नये, असे मला स्पष्टपणे वाटते. विंटेज पोर्टला १२ ते १५ अंश तापमान, अंधार आणि निवांतपणा लागतो. बाटली आडवी ठेवावी लागते, म्हणजे बूच ओले राहते. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. वरच्या मजल्यावरील सदनिकेत, काचेच्या कपाटात, ट्यूबलाइटच्या प्रकाशात उभी असलेली बाटली अठरा उन्हाळे काढते तेव्हा ती मुरत नाही, शिजते. बूच सुकते, हवा आत शिरते आणि वाइन आंबट व निस्तेज होते. देवपुत्रासाठी पैसे बँकेत ठेवावेत आणि प्रसंग आला की, परदेशी थंड तळघरात नीट सांभाळलेली मुरलेली बाटली कोणाकरवी मागवावी, हे अधिक शहाणपणाचे. विमानाने येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते. त्यात दोन बाटल्या सहज बसतात.

उष्णतेने सुधारणारी वाइनही जगात आहे, पण ती पोर्ट नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे हिंदुस्थानकडे येताना मदेरा बेटावर वाइनची पिंपे चढवीत. विषुववृत्तावरील उकाड्यात हिंदकळत आलेली ती वाइन अधिक चवदार लागते, असे लोकांच्या ध्यानात आले आणि मग तेथील लोक ती मुद्दाम तापवू लागले. पोर्टवर हा प्रयोग करू नये.

ज्यांच्याकडे बाटली आधीच आहे त्यांनी ती हातात घेऊन न्याहाळावी. बूच वर सरकले आहे काय? मानेभोवती चिकट ओघळ आहे काय? वाइनची पातळी मानेच्या खाली पुष्कळ उतरली आहे काय? असे असेल तर पाहुण्यांसमोर उघडण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्यावी. उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच बाधलेले आहे. त्याला इलाज नाही. खुणा चांगल्या असतील तर बाटली आजच त्या कपाटातून काढून पलंगाखालच्या कप्प्यात वा तळमजल्यावरील एखाद्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात आडवी करावी.

मुरलेल्या विंटेज पोर्टचा एक गुण असा की, ती एकट्याने पिण्याची वाइन नव्हे. चाळीस वर्षे बाटलीत बंद असलेली ही वाइन हवा लागताच एक-दोन दिवसांत कोमेजते. व्हिस्कीप्रमाणे महिनाभर थोडी थोडी घेता येत नाही. उघडली की संपवलीच पाहिजे आणि ती संपवायला माणसे हवीत. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून गाळ वगळता सुमारे सातशे मिलिलिटर हाती लागते. प्रत्येकी साठ मिलिलिटर धरल्यास अकरा-बारा माणसांचा हिशेब बसतो. आजी-आजोबा, काका-काकू, मोठी झालेली भावंडे, शेजारचे एखादे कुटुंब असा नाताळचा मेळा नेमका एवढाच असतो. दोघांच्याच जेवणासाठी ही बाटली कृपया उघडू नये. दोघांना टॉनी बरी. ती शीतकपाटात महिनाभर टिकते.

तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. बाटली चोवीस तास उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. आडवी असताना जी बाजू वर होती, ती खडूने खूण करून ठेवण्याची रीत आहे. जुने बूच हमखास तुटते, घाबरू नये. तुकडे आत पडले तरी गाळताना निघून जातात. जेवणापूर्वी दोन तास काचेच्या स्वच्छ सुरईत, नसेल तर काचेच्या साध्या जगमध्ये, वाइन ओतून घ्यावी. बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती वा मोबाइलचा दिवा धरावा आणि हात न थांबवता, अगदी संथ धारेने ओतावे. काळी रेघ मानेपाशी येताना दिसली की थांबावे. मलमलीचे स्वच्छ धुतलेले कापड गाळणीवर घातले तरी चालते, मात्र त्याला साबणाचा वास नसावा. फार जुन्या, म्हणजे साठच्या दशकातील वाइनला दोन तासही नकोत. ओतावी आणि लगेच द्यावी. डिसेंबरात दुपारी घरात बावीस-तेवीस अंश तापमान असते, म्हणून ओतून घेतलेली सुरई वीस मिनिटे शीतकपाटात ठेवावी. बर्फ, सोडा वा कोला यांचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही.

पोर्ट जेवणाबरोबर नव्हे, जेवणानंतर येते. काना गावच्या लग्नात चांगला द्राक्षारस शेवटी आला म्हणून भोजनप्रमुखाला नवल वाटले होते. पोर्टच्या बाबतीत तोच नियम आहे. इंद्याल, सोरपोतेल, सान्ने, फुगे हे सर्व यथेच्छ होऊ द्यावे. त्या तिखट-आंबट चवींपुढे पोर्टचे नाजूक गंध टिकत नाहीत. मग ताटे उचलावीत, पाणी प्यावे, थोडा वेळ जाऊ द्यावा. गोड पदार्थांबाबतही एक सूत्र आहे: पदार्थ वाइनपेक्षा गोड असला तर वाइन फिकी लागते. म्हणून बिबिंका आणि दोदोल आधी वा नंतर, वाइनसोबत नको. सोबतीला अक्रोड, भाजलेले बदाम, पुरंदरच्या अंजिराची सुकी फोड, थोडे कडसर चॉकलेट असावे. इंग्रज लोक निळ्या बुरशीचे खारट चीज घेतात. ते पुण्यात काही दुकानांत मिळते आणि खारट-गोडाचा तो संयोग खरोखर अपूर्व आहे. सुक्या मेव्याचा फारसा गोड नसलेला नाताळचा केकही चालेल.

पेला लहान असला तरी त्यातील अल्कोहोल लहान नसते. साठ मिलिलिटर पोर्टमध्ये सुमारे बारा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे जवळजवळ व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या पेगाइतके. शिवाय सहा ग्रॅमच्या आसपास साखर. मधुमेह असलेल्यांनी व औषधे चालू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. बाळंतिणीला ताकद यावी म्हणून पोर्ट देण्याची समजूत आपल्या काही घरांत अजून आहे. ती सोडून द्यावी, कारण आईच्या दुधातून अल्कोहोल बाळाच्या पोटात जाते. कायद्याने रक्ताच्या शंभर मिलिलिटरमध्ये तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असलेल्याने वाहन चालवणे हा गुन्हा आहे. मोशीहून आलेल्या पाहुण्याला मोटारसायकलवरून परत जायचे असेल तर त्याच्या हाती पेला देऊ नये. मध्यरात्रीच्या मिस्सापूर्वीही ही बाटली नको. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एक तासाचा उपवास आहेच, आणि सकाळच्या मिस्सानंतरचे नाताळचे दुपारचे जेवण हीच तिची खरी वेळ.

एक गोष्ट आणखी गंभीरपणे सांगावीशी वाटते. आपल्या वस्त्यांत दारूने मोडलेली घरे आहेत, हे कोणापासून लपलेले नाही. ज्या कुटुंबात एखादा भाऊ वा पुतण्या व्यसनमुक्तीच्या उपचारातून बाहेर आला आहे आणि तोही त्या टेबलावर बसणार आहे, तेथे बाटली कितीही मौल्यवान असो, ती उघडू नये. ‘एका घोटाने काय होते’ हे त्याच्यासमोर कोणीही म्हणू नये. बाटली दुसऱ्या कुटुंबाला भेट द्यावी वा दुसऱ्या प्रसंगासाठी ठेवावी. त्या जेवणात कोकम सरबत असले तरी सण तेवढाच मोठा असतो. आणि जेथे बाटली उघडली जाते तेथेही न पिणाऱ्याला कारण विचारू नये. त्याच्या पेल्यात द्राक्षांचा ताजा रस घालावा आणि त्याच्यासह सर्वांनी मिळून पेले उंचवावेत.

इंग्रजी पद्धतीत सुरई यजमानांपासून डावीकडे फिरते आणि टेबलाची फेरी पूर्ण होईपर्यंत खाली ठेवायची नसते. कोणी गप्पांच्या नादात ती स्वतःपाशीच अडवून धरली तर ‘सुरई इकडे द्या’ असे म्हणणे असभ्य समजतात. त्याऐवजी विचारतात, ‘नॉर्विचच्या बिशपांशी आपली ओळख आहे काय?’ ते बिशप म्हणे वृद्धपणी सुरई पुढे सरकवायला विसरत किंवा टेबलावरच डुलक्या घेत. जाणत्याला इशारा समजतो. अजाण माणूस ‘नाही बुवा’ म्हणाला तर यजमान सांगतात, ‘फार भले गृहस्थ, पण पोर्ट काही पुढे देत नाहीत.’ आपल्याकडे बिशपांचे नाव घेण्याचा संकोच वाटत असेल तर सरळ ‘काका, सुरई’ असे म्हटले तरी भागते.

बाटलीच्या तळाशी उरलेला घोटभर गाळ ओतून देऊ नये. कापडातून गाळून त्यात मूठभर मनुका भिजत घालाव्यात आणि त्या शीतकपाटात ठेवाव्यात. नववर्षाच्या दिवशी डुकराच्या मांसाच्या रश्श्यात त्या घातल्या तर त्याला वेगळीच चव येते.